विद्यार्थी फादर स्टीफन्स

फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे नाव उच्चारताच आपणांस ‘क्रिस्तपुराण’ आठवते आणि त्याच्या आरंभी त्यांनी केलेले मराठीचे गुणगान आठवते. महाकवी म्हणून आपण त्यांचा गौरव करतो आणि तो यथार्थच आहे. परंतु १५७९ साली गोव्याच्या बंदरात उतरले ते कोणी महाकवी नव्हते, धर्मगुरूही नव्हते. ते होते तीस वर्षांचे एक विद्यार्थी. त्यांचे शिक्षण अपुरे होते आणि येथील भाषा त्यांना सर्वस्वी परकी होती. कवीच्या तेजात झाकोळून गेलेल्या त्या विद्यार्थ्याकडे ह्या लेखात आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात १५४९ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. एलिझाबेथ राणीच्या त्या राजवटीत कॅथलिक श्रद्धा उघडपणे आचरणे धोक्याचे होते. तरुण स्टीफन्स मायदेश सोडून रोमला गेले आणि १५७५ मध्ये त्यांनी येशूसंघात प्रवेश केला. पुढे हिंदुस्थानात जाण्याची त्यांची इच्छा मान्य झाली आणि ४ एप्रिल १५७९ रोजी पाच जहाजांच्या ताफ्यातून ते लिस्बनहून निघाले. प्रवास सहा महिन्यांहून अधिक काळ चालला. त्यांच्या जहाजावर दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली व सत्तावीस दगावली. त्या काळच्या मानाने ही हानी थोडीच समजली गेली! २४ ऑक्टोबरला जहाज गोव्याला लागले.

त्यानंतर सतरा दिवसांनी, १० नोव्हेंबरला, त्यांनी आपल्या वडिलांना पत्र लिहिले. ते पत्र उपलब्ध आहे. समुद्र, वारे, मासे, पक्षी, नव्या प्रदेशातील माणसे, माडापासून मिळणारे पेय अशा नानाविध गोष्टींचे त्यात वर्णन आहे. द्राक्षवेल वगळता युरोपातील झाडासारखे एकही झाड अद्याप दृष्टीस पडले नाही, असे ते वडिलांना कळवतात. ओळखीचे झाडसुद्धा नाही, तेथे ओळखीचा शब्द कोठून असणार? ह्या पहिल्या पत्रात स्टीफन्स केवळ डोळ्यांनी पाहत आहेत. कान अद्याप उघडावयाचे आहेत.

पुढल्याच वर्षी, १५८० मध्ये, गोव्यात त्यांना गुरुदीक्षा मिळाली व सासष्टी हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले. आगमनाला बरोबर चार वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, २४ ऑक्टोबर १५८३ रोजी, त्यांनी पॅरिसमधील आपल्या भावाला लॅटिनमध्ये पत्र लिहिले. ह्या पत्रात मात्र त्यांचे कान उघडलेले दिसतात. ह्या देशात भाषा पुष्कळ आहेत, त्यांचे उच्चार कानाला गोड लागतात आणि त्यांची रचना लॅटिन व ग्रीक भाषांशी मिळतीजुळती आहे, असे निरीक्षण त्यांनी नोंदवले आहे. येथील प्रत्येक अक्षर पूर्ण उच्चाराचे मोल धारण करते आणि व्यंजनाला जितके स्वर जोडावेत तितकी त्याची रूपे पालटतात, हेही ते भावाला समजावून सांगतात. बाराखडी गिरवणाऱ्या मुलाचे नवल आणि पंडिताची दृष्टी ह्या पत्रात एकत्र आली आहेत. युरोपीय व भारतीय भाषांचे नाते विद्वानांनी पद्धतशीरपणे सिद्ध केले ते त्यानंतर दोन शतकांनी!

सासष्टीत घराघरांतून बोलली जाई ती कोंकणी आणि पुराणे रचली जात ती मराठीत. स्टीफन्स ह्यांनी दोन्ही आत्मसात केल्या. सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. म्हणजे आगमन आणि ग्रंथ ह्यांमध्ये सदतीस वर्षांचे अंतर आहे. प्रस्तावनेत ते म्हणतात की, शुद्ध मराठी सामान्य लोकांना कळत नाही, म्हणून पूर्वीच्या कवींचे अवघड शब्द आपण सोडले आणि ठिकठिकाणी सोप्या बोलीतील शब्द मिसळले. परकी भाषा शिकणाऱ्याला अवघड शब्दांचा मोठा मोह असतो, कारण त्यांनी विद्वत्ता दिसते. ऐकणाऱ्याची अडचण ओळखून ते बाजूला ठेवणे हे ज्याला साधले, त्याला ती भाषा खऱ्या अर्थाने आली असे आम्ही समजतो.

तरीही त्यांची एक इच्छा अपुरी राहिली. १६०८ साली येशूसंघाच्या वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात, मलबारात होते त्याप्रमाणे येथील भाषेतील ग्रंथ येथल्याच लिपीत छापलेले पाहावेत, अशी आस त्यांनी व्यक्त केली. युरोपात चोवीस खिळ्यांवर काम भागे, येथे सहाशे लागत. ते दोनशेंवर आणता येतील, असा हिशेबही त्यांनी मांडला होता. पण ते घडले नाही. पुराण रोमन लिपीत छापले गेले आणि १६१९ मध्ये स्टीफन्स ह्यांनी सासष्टीत देह ठेवला. त्यांचे कोंकणी व्याकरण १६४० साली प्रसिद्ध झाले. शांताराम बंडेलू ह्यांनी ‘क्रिस्तपुराण’ देवनागरीत आणले ते १९५६ मध्ये.

ह्या इतिहासाची दुसरी बाजूही विसरता येत नाही. स्टीफन्स येण्यापूर्वीच गोव्यात देशी भाषांतील धर्मग्रंथांचा नाश झाला होता. त्यांच्या निधनानंतर पासष्ट वर्षांनी, १६८४ मध्ये, व्हाइसरॉयने फर्मान काढले की, तीन वर्षांच्या आत लोकांनी आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावी. एका परदेशी विद्यार्थ्याने चाळीस वर्षे झिजून जी बोली आपलीशी केली, तीच बोली तिच्या लेकरांच्या तोंडातून काढून घेण्याचा हा हुकूम होता. हुकूम विरला, बोली टिकली.

आज आपल्या धर्मग्रामांतील मुलेमुली शिक्षणासाठी दूरदेशी जातात, तेथील भाषा शिकतात. त्यांनी ती मन लावून, त्या लोकांविषयी आदर बाळगून शिकावी. आणि आपण जे मागे राहतो, त्यांनी घरातील सायंप्रार्थना तरी आपल्या भाषेत चालू ठेवावी. जी भाषा शिकण्यासाठी विल्टशायरच्या त्या विद्यार्थ्याने आयुष्य वेचले, ती आपल्याला आईच्या मांडीवर आयती मिळाली आहे.