किंग्ज इंडियन बचाव

पांढऱ्याने वजिरापुढचे प्यादे दोन घरे सरकवून डाव सुरू केला, की काळ्यासाठी उपलब्ध असलेली बुद्धिबळातील एक लढाऊ मांडणी. काळा पटाचा मध्य आधी पांढऱ्याला घेऊ देतो. घोडा आणि राजाच्या बाजूचा उंट बाहेर काढून कॅसलिंग करतो आणि मग राजापुढचे प्यादे पुढे रेटून त्या मध्याला आव्हान देतो.

खरी निवड इथून पुढे. मध्य बंद झाला की पांढरा वजिराच्या बाजूने घुसतो, काळा प्यादी लोटत थेट राजावर. अर्जेंटिनातील मार देल प्लाता येथे १९५३ साली ग्लिगोरिचने नायडॉर्फला काळ्याच्या याच योजनेने हरवले. जागा कमी, धोका मोठा. बरोबरीवर समाधान न मानणाऱ्यालाच ती शोभते.

एकोणिसाव्या शतकात कोलकात्यात महेशचंद्र बॅनर्जी कॉक्रनविरुद्ध अशा मांडण्या खेळत. पुढच्या शतकात हा बचाव खेळणाऱ्या कास्पारॉव्हने मात्र १९९७ मध्ये नोव्हगोरोदला क्रामनिककडून हरल्यावर तो जवळजवळ सोडून दिला.