वाढप्यावांचूनचें जेवण

जेवणाचा इतिहास म्हणजे पदार्थांचा इतिहास, अशी आपल्याकडे समजूत आहे. मिरची कोठून आली, बटाटा कोणीं आणला, चहा घरांत केव्हां शिरला, ह्यांची चर्चा पुष्कळ होते; परंतु पदार्थ पानांत पडतो तो कोणाच्या हातून, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. आमच्या मतें खरा इतिहास त्या हातांत आहे. आमच्या देगलूरचीं जीं मुलें हैदराबादेस किंवा मुंबईस नोकरीस आहेत, तीं सुटींत घरीं आलीं म्हणजे बड्या हॉटेलांतील जपानी जेवणाच्या गोष्टी सांगतात. लांबच लांब मेज, त्यावर सुशीच्या रांगा, वाफाळणारीं सुपें; ठराविक रक्कम एकदां भरली कीं वाटेल तें, वाटेल तितकें आपल्या हातानें घ्यावें! कच्च्या माशाचें नांव ऐकून वडील मंडळी नाक मुरडतात हें खरें. पण त्यांचा पहिला प्रश्न माशाविषयीं नसतो. ‘तेथें वाढतें कोण?’ असा तो असतो. हा प्रश्न दिसतो तितका भाबडा नाहीं.

प्रथम जपानचीच हकीकत पाहूं. ह्या जेवणास जपानी लोक ‘बायकिंगू’ म्हणतात, आणि मौज अशी कीं हा शब्द जपानी नव्हेच. उत्तर युरोपांतील जुन्या दर्यावर्दी वायकिंग लोकांच्या नांवाचा तो जपानी उच्चार आहे. टोकियोच्या इंपीरियल हॉटेलचे प्रमुख इनुमारू तेत्सुझो ह्यांनीं १९५७ सालीं डेन्मार्कमध्यें स्कँडिनेव्हियन पद्धतीचें मांडून ठेवलेलें जेवण पाहिलें. त्या वेळीं पॅरिसमध्यें पाकविद्येचे धडे घेत असलेल्या मुराकामी नोबुओ ह्यांस त्यांनीं ती पद्धत शिकून घेण्यास सांगितलें, आणि १ ऑगस्ट १९५८ रोजीं ‘इंपीरियल वायकिंग’ हें भोजनगृह सुरू झालें. ‘स्मॉर्गसबोर्ड’ हें मूळचें नांव जपानी जिभेस वळेना. त्याच सुमारास वायकिंगांवरील एक अमेरिकन बोलपट गाजत होता, त्यावरून नवें नांव सुचलें. दुपारीं १२०० येन व रात्रीं १६०० येन असा दर होता. सामान्य नोकरदारास तो न झेपणारा होता, तरी भोजनगृह लोकप्रिय झालें.

हें जेवण जपान्यांस नवलाचें कां वाटावें? तेथील जुन्या औपचारिक भोजनांत, ज्यास ‘होनझेन’ म्हणत, प्रत्येक पाहुण्यापुढें पायांचें निराळें तबक येई. भात डावीकडे, सूप उजवीकडे, इतर पदार्थ पलीकडे, असा क्रम ठरलेला. तबकें किती यावयाचीं आणि कोणीं कोठें बसावयाचें, हें पाहुण्याच्या दर्जावर अवलंबून असे. सामाईक भांड्यांत आपल्या तोंडच्या काड्या घालणें हा तेथें आजहि अशिष्टपणा गणला जातो. त्यास ‘जिकाबाशी’ असा खास शब्द आहे. आपल्या ‘उष्ट्या’ची येथें कोणास आठवण होणार नाहीं?

आपलें पान तरी ह्याहून निराळें काय आहे? वर मीठ व लिंबू, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्यें भात. जो पदार्थ ज्या जागीं, तो त्या जागींच. मात्र जपानांत जें काम तबकांच्या संख्येनें होई तें आपल्याकडे पंगतीनें केलें. कोण कोणाशेजारीं बसेल, कोण आधीं जेवेल, कोण अंगणांत बसेल, आणि कोणाच्या हातचें वाढलेलें कोणास चालेल, ह्यांत सारी समाजरचना आलीच. ऑक्टोबर १८९० मध्यें पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें रानडे, टिळक प्रभृति मंडळींपुढें चहा-बिस्किटें आलीं. गोपाळराव जोशी ह्यांनीं हजर असलेल्यांचीं नांवें छापून आणलीं, आणि एवढ्याशा चहावरून ग्रामण्य माजलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. १८९२ सालीं रानड्यांसारख्या पुरुषासहि प्रायश्चित्त घ्यावें लागलें. पुढें कोल्हापुरांत गंगाराम कांबळे ह्या अस्पृश्य गृहस्थानें चहाचें दुकान घातलें, तेव्हां शाहू महाराजांनीं स्वतः तेथें जाऊन चहा घेतला. छत्रपतींस मुद्दाम जाऊन चहा प्यावा लागतो, ह्यावरूनच हातचें खाण्याचा प्रश्न किती बिकट होता हें समजतें.

देगलूर सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें, आणि मराठी, तेलुगु, कानडी व उर्दू ह्या चारी भाषा आजहि येथें कानांवर पडतात. त्यामुळें पंगतीखेरीज दस्तरख्वानाची रीतहि येथें अपरिचित नाहीं. तींत तर एका मोठ्या थाळींतून अनेकांनीं जेवावयाचें. दोन्ही रीति एकाच गांवांत नांदल्या, पण बहुधा एकमेकींच्या घरीं जेवल्या नाहींत. आतां मंगल कार्यालयांतून लग्नाचें जेवण मेजांवर मांडलेलें असतें, आणि भाताच्या त्याच एका डावास शंभर निरनिराळे हात लागतात. त्या हातांची जात विचारण्यास सवडच राहात नाहीं. हें कोणा सुधारकाच्या व्याख्यानानें झालें नाहीं. वाढपी मिळेनात, आणि पंगती उठवीत बसण्यास वेळ पुरेना, म्हणून झालें. तरी झालें हें आम्ही मोठें समजतों.

आग्रह गेला, अशी हळहळ आम्हांसहि वाटते. यजमानानें जिलबीचें ताट घेऊन समोर उभें राहावें, पाहुण्यानें पानावर हात आडवे धरावे, आणि तरी दोन जिलब्या पडाव्या, ह्यांतील प्रेम खोटें नव्हतें. लाजाळू माणूस बुफेमध्यें अर्धपोटींच परततो, हेंहि आम्ही पाहतों. परंतु अंगणांत बसविलेल्या माणसाच्या वांट्यास तो आग्रह कितीसा येत होता, हें आठवलें म्हणजे ती हळहळ जरा आंवरते. बड्या हॉटेलचा दरवाजा सर्वांस खुला आहे, असें मात्र कोणी म्हणूं नये. जात न विचारतां तो ऐपत विचारतो; १६०० येनांचा तो जुना दर हाच एक पंक्तिभेद होता.

सुशीची स्वतःची कुळकथा अगदीं उलट आहे. आज आपण पाहतों ती हातानें दाबून केलेली सुशी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत एदो शहरांत, म्हणजे आजच्या टोकियोंत, रस्त्यावरच्या ठेल्यांवर विकली जाई, आणि कामकरी लोक ती उभ्या उभ्या खाऊन पुढें जात. इंपीरियलचें भोजनगृह उघडलें त्याच १९५८ सालीं ओसाकाजवळ शिराइशी योशिआकी ह्यांनीं स्वस्त सुशीचें एक दुकान काढलें. बिअरच्या कारखान्यांत सरकत्या पट्ट्यावरून जाणाऱ्या बाटल्या पाहून त्यांस युक्ति सुचली होती. गिऱ्हाईक आपल्या जागेवर बसून राही, बशा पट्ट्यावरून त्याच्यापुढून सरकत जात. हवी ती त्यानें उचलावी, आणि शेवटीं रिकाम्या बशा मोजून पैसे द्यावे.