काच, कर आणि कोवळी रोपे

बहुवर्षायू फुलझाडाचे बी हंगाम उलटता उलटता पेरायचे आणि कोवळे रोप हिवाळ्यातून सांभाळून न्यायचे, ही इंग्लंडच्या बागवानांची जुनी रीत. हिम पडण्याआधी रोपाला चार-पाच पाने फुटली की ते थंडीभर दबा धरून बसते आणि वसंतात जोर धरते. ऐकायला सोपे आहे. आमच्या बेळगावच्या थंडीत अंगावर शाल लागते खरी, पण जमीन काही गोठत नाही. तिथे ती गोठते, फुगते, पुन्हा वितळते आणि या वरखाली होण्यात रोपाची सुतासारखी मुळे मातीबाहेर उचलली जातात. म्हणून लाकडाची बुटकी चौकट आणि तिच्यावर काचेचे तिरके झाकण. या झाकणात सरकारचाही हात होता, आणि मला सांगायचे आहे ते त्याचेच.

जॉन एव्हलिनने 1664 साली बागकामाचे महिनेवार पंचांग छापले. फिलिप मिलरचा बागवानी-कोश 1731 चा; हा मिलर लंडनजवळच्या चेल्सी येथील औषधी बागेचा प्रमुख. दोघांचे वाचक बहुतेक खाऊनपिऊन सुखी. हिवाळ्यात रोप जगवणे ही तेव्हा ऐपतीची गोष्ट होती, आणि 1746 साली ती आणखी महाग झाली. युरोपातल्या युद्धाचा खर्च भागवण्यासाठी इंग्लंडने काचेवर वजनावारी कर बसवला. खिडक्यांवर कर 1696 पासून होताच. म्हणजे घरात येणाऱ्या उजेडाचेही पैसे, आणि रोपावर पडणाऱ्या उजेडाचेही! पुढच्या युद्धांबरोबर हा कर वाढत गेला. बागवान काचेचे लहान तुकडे माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक चढवून झाकणे करीत. काहीजण जवसाचे तेल पाजलेला कागदच कमानींवर ताणीत.

अशा काळात लँकेशायरच्या विणकरांनी ऑरिक्युलाचा नाद धरला, याचे मला मोठे नवल वाटते. हे मूळचे आल्प्सच्या डोंगरातले फूल. त्याच्या पानांवर पिठासारखी पांढरी भुकटी असते. थंडी त्याला बाधत नाही. बाधते ती हिवाळी ओल. पावसाने पीठ धुपते, देठाशी पाणी साचले की रोप कुजते. म्हणजे झाकण हवे ते ऊब धरायला नव्हे, पाऊस अडवायला. आणि कोरड्या दिवशी ते उघडलेच पाहिजे. बियाण्यापासून पहिले फूल यायला बहुधा दोन वर्षे लागतात. इतका काळ दिवसातून अनेकदा आभाळाकडे बघायला मोकळा कोण? ज्याचा माग घरातच आहे तो. वडगाव-शहापूरच्या मागांचा खडखडाट ज्यांनी ऐकला आहे त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. माग थांबवायचा, कुंडीवर झाकण ओढायचे, परत बसायचे. त्यांच्या प्रदर्शनांत बक्षीस म्हणून तांब्याची किटली देण्याची प्रथा होती.

1845 साली रॉबर्ट पीलने काचेवरचा कर उठवला. सहाच वर्षांनी जोसेफ पॅक्स्टनने लंडनच्या महाप्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस उभारला. त्याला सुमारे 3 लाख तावदाने लागली. पॅक्स्टन मूळचा माळी, आणि एवढा मोठा काचमहाल त्याला सुचला तो झाडांसाठी काचघरे बांधता बांधताच. इतिहासाची पुस्तके या महालापाशी रेंगाळतात. माझे लक्ष मात्र लँकेशायरकडे जाते. काच स्वस्त होईपर्यंत तिथले हातमाग यंत्रमागांपुढे हरत आले होते. विणकराची मुले गिरणीत गेली, आणि गिरणीच्या भोंग्याला आभाळ भरून आले म्हणून सुट्टी नसते. काच परवडू लागली तेव्हा ती उघडायला घरी माणूस उरला नव्हता.

ऑरिक्युला मात्र टिकला. त्याची प्रदर्शने अजून वसंतात भरतात, आणि तो जोपासणारे आजही थंडीत झाकण लावतात ते पाऊस बघून.