गजकर्ण बरे होऊन पुन्हा का उठते?

शहापूर-मुरबाड भागात भाताची आवणी सुरू झाली की दवाखान्यात खाजेचे रुग्ण वाढतात. दिवसभर चिखलात काम, अंगावर ओले कपडे आणि पावसात ते नीट वाळतही नाहीत. मग जांघेत, कमरेला किंवा काखेत गोल लालसर चट्टा उठतो. त्याची कड उंच आणि खवलेदार असते, मधला भाग निवळलेला दिसतो. यालाच आपण गजकर्ण किंवा नायटा म्हणतो. बहुतेकांनी मेडिकलमधून ट्यूब आणून लावलेली असते आणि तक्रार एकच असते : "लावलं की जातं, थांबवलं की पुन्हा येतं."

असे का होते, हे समजण्यासाठी बुरशीकडे कोणती हत्यारे आहेत ते पाहू. ही हत्यारे मुख्यतः प्रथिनांची असतात.

बुरशी त्वचेत कशी पसरते?

आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर, केस आणि नखे केराटिन नावाच्या चिवट प्रथिनाची बनलेली असतात. गजकर्णाची बुरशी या केराटिनवरच जगते.

- आधी ती ओलसर त्वचेला घट्ट चिकटते.
- केराटिनचे धागे गंधकाच्या बंधांनी बांधलेले असतात. बुरशीच्या आवरणातील एक पंपासारखे प्रथिन सल्फाइट बाहेर सोडते आणि ते हे बंध तोडते.
- मग बुरशी प्रथिने कापणारी विकरे (एन्झाइम) सोडते. विकरे हीसुद्धा प्रथिनेच. ती केराटिनचे तुकडे करतात आणि ते तुकडे बुरशीचे अन्न होतात.

पेंढ्याच्या भाऱ्याचे बंद कापले की काड्या सहज निघतात, तसेच हे आहे. हत्यारे जितकी प्रभावी, तितकी बुरशी त्रासदायक.

शरीर या परक्या प्रथिनांना ओळखते आणि प्रतिकार सुरू करते. लाली आणि खाज त्यातूनच येते. बुरशी बाहेरच्या बाजूला सरकत जाते, म्हणून चट्टा गोल वाढतो आणि कडेला जास्त खाजतो. औषध फक्त मध्यभागी लावून भागत नाही ते यामुळेच.

नेहमीचे औषध लागू का पडत नाही?

टर्बिनाफिन हे गजकर्णावरचे जुने, चांगले औषध. स्क्वालीन इपॉक्सिडेज या विकराच्या मदतीने बुरशी आपले आवरण तयार करते, टर्बिनाफिन ते विकर बंद पाडते. पण आपल्या देशात आता ट्रायकोफायटन इंडोटिनी ही बुरशी मोठ्या प्रमाणावर आढळते. भारत आणि नेपाळमधील रुग्णांच्या नमुन्यांवरून जपानमधील संशोधकांनी २०२० मध्ये तिला हे नाव दिले. तिच्या बऱ्याच नमुन्यांत या विकराच्या साखळीतील एकच घटक बदललेला असतो, बहुधा ३९७ व्या किंवा ३९३ व्या जागेवरचा. एवढ्या बदलामुळे औषधाची पकड सुटते. म्हणून शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी तुम्हाला लागू पडेलच असे नाही.

स्टिरॉइडच्या ट्यूबचा धोका

अनेक 'मिक्स' मलमांत क्लोबेटासॉल किंवा बेटामेथासोन हे स्टिरॉइड असते. त्याने खाज दोन दिवसांत थांबते, कारण शरीराचा प्रतिकारच दबतो. बुरशी मात्र आत वाढत राहते. चट्टे पसरतात, त्यांचा आकार बदलतो आणि निदान अवघड होते. त्वचा पातळ होऊन जांघेत कायमचे पट्टे पडू शकतात. चिठ्ठीशिवाय ही मलमे विकू नयेत, असा नियम २०१८ मध्ये बऱ्याच स्टिरॉइड मलमांना लागू झाला. ट्यूबवरील ही नावे वाचा, वाचता येत नसतील तर ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे या.

उपचार कसे घ्यावेत?

- मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटे निरोगी त्वचेवरही लावा.
- चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस, साधारण दोन आठवडे, मलम चालू ठेवा.
- गोळ्यांचा कोर्स अनेकदा चार ते आठ आठवड्यांचा, कधी त्याहून लांबतो. मध्येच सोडू नका.
- इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल जेवणानंतर घ्याव्यात. ॲसिडिटीच्या गोळीने त्यांचा परिणाम कमी होतो. हृदयाचा किंवा यकृताचा आजार, गरोदरपण किंवा इतर चालू औषधे असतील तर आधी सांगा.
- घरात आणखी कोणाला खाज असेल तर सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्या. टॉवेल, चादर आणि आतले कपडे वेगळे ठेवा.
- शेतातून आल्यावर अंग धुऊन जांघ, काख आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. पायांना चिखल्या झाल्या असतील तर त्यावरही उपचार घ्या. कपडे वाळले नाहीत तर इस्त्री फिरवा.

डॉक्टरांना लवकर कधी दाखवावे?

चट्टे चेहऱ्यावर, डोक्यात किंवा नखांवर असतील, रुग्ण लहान मूल असेल, मधुमेह असेल, पू किंवा ताप येत असेल तर थांबू नका. शंका असल्यास कडेची खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. ही तपासणी सोपी आहे.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. चट्टा फिकट किंवा लालसर आहे, पण खाजत नाही आणि तिथे स्पर्श कळत नाही, तर तो कुष्ठरोग असू शकतो. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. त्याची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि वेळेवर घेतल्यास आजार पूर्ण बरा होतो.

गजकर्णात लाजण्यासारखे काही नाही. योग्य औषध पुरेसे दिवस घेतले आणि स्टिरॉइडची ट्यूब टाळली, तर ते बरे होते.