पार्थिव गणपती आणि केळीचे पान

‘पर्यावरणपूरक उत्सव’ हा शब्दप्रयोग अलीकडचा. बऱ्हाणपुरातील आपल्या मराठी घराण्यांच्या जुन्या बोलीत तो नव्हता. त्याची गरजही नव्हती. 1760 मध्ये उदगीरच्या लढाईनंतर निजामाने हे शहर पेशव्यांच्या हवाली केले, 1778 मध्ये ते शिंद्यांकडे गेले आणि 1860 मध्ये इंग्रजांकडे. या शंभर वर्षांत कोणी पेशव्यांच्या, कोणी शिंद्यांच्या चाकरीत तापीकाठी आले आणि इथलेच झाले. येताना त्यांनी भाद्रपदातला गणपती आणि महालक्ष्म्या सोबत आणल्या. सणाची सामग्री मात्र इथल्याच मातीने आणि रानाने पुरवली.

चतुर्थीच्या व्रतातील मूर्ती ‘पार्थिव’ म्हणवते, म्हणजे मातीची. देवघरातील पितळी गणपती कायमचा. हा मात्र पाहुणा, घडवायचा, पुजायचा आणि मातीला परत द्यायचा. प्लास्टर ऑफ पॅरिसने हा करारच मोडला. जिप्सम भाजून केलेली ही भुकटी पाणी मिळताच पुन्हा दगडासारखी घट्ट होते. मग ती नदीत विरघळणार कशी? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे 2020 मध्ये सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या. शोभेचा थर्माकोल आणि एकदाच वापरायची प्लॅस्टिकची ताटे-पेले यांवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आली. सरकारी फायलींत आयुष्य गेल्यामुळे परिपत्रकाची ताकद आम्ही जाणतो, आणि ते स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर थांबते हेही जाणतो.

कारण खरा प्रश्न पंगतीचा आहे. महालक्ष्म्यांच्या जेवणाला पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्या आणि घरभर माणसे. पूर्वी सातपुड्यातील पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण येत, नाहीतर केळीचे पान. जेवण झाले की गोठ्यात किंवा उकिरड्यावर. पुढे थर्माकोलची ताटे आली, ती केवळ हौसेने आली नाहीत. गोठे गेले, वाडे गेले, हाताखालची माणसे गेली. चाळीस जणांची उष्टी स्टीलची ताटे घासायला सुनाच उरल्या. जुन्या काळाचे गोडवे गाणारे आपल्यातले पुरुष हा हिशेब सोयीस्करपणे विसरतात. पर्यावरणाचा भार पुन्हा एकट्या गृहिणीच्या मोरीवर टाकायचा असेल, तर तो उत्सव आम्हांस मान्य नाही. ताटे वापरायची, तर पुरुषांनीही बाह्या वर सराव्यात.

पाण्याचेही तसेच. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, 1615 मध्ये, सातपुड्यातून तापीकडे जमिनीखालून झिरपणारे पाणी अडवून कुंडी भंडारा बांधला गेला. शंभरावर कुंड्या भुयाराने जोडून उताराच्या बळावर शहराला पाणी आणले. जुलै 2022 मध्ये ‘हर घर जल’ म्हणून प्रमाणित झालेला देशातील पहिला जिल्हाही आपलाच. ज्या गावाने पाण्यावर इतकी बुद्धी खर्च केली, त्याने राजघाटावर निर्माल्याच्या प्लॅस्टिक पिशव्या सोडणे शोभत नाही. काही वडीलधारे म्हणतात, विसर्जन वाहत्या पाण्यातच हवे. परंतु उत्तरपूजा होऊन अक्षता पडल्या आणि मूर्ती जागेवरून हलवली की देवत्व निघाले, असेच आपण मानतो. उरते ती माती. शाडूची लहान मूर्ती घरच्या बादलीत विरघळते; ते पाणी तुळशीला नको, अंगणातल्या झाडाला घालावे.

आणि पंगतीला केळीचे पान शोधत दूर जाण्याचे कारणच नाही. आपल्या जिल्ह्याची ओळखच केळी. झाड एकदाच घड देते, मग ते कापले जाते. त्याच्या खोडापासून धागा काढून वस्तू करण्याचे कामही आता येथे चालते. पाने मात्र बागेतच वाळतात. भाद्रपदातल्या वाऱ्याने ती चिरतात, म्हणून बागवाल्याला चार दिवस आधी सांगून ठेवावे आणि आतली कोवळी पाने मागावीत. वाढताना पानाचे टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. हे नव्या सुनांना नव्हे, आता मुलांनाही सांगावे लागते.