चाकाखालचा रस्ता

माझी लेक जर्मनीतल्या आखनमध्येच वाढली. यंदा स्केटबोर्डची चाकं बदलायला आम्ही दुकानात गेलो, तेव्हा तिने विचारलं, "बाबा, कडक घेऊ की मऊ?" मला एकदम लहानपणची इचलकरंजी आठवली. भंगारातून जुनी बेअरिंगं आणायची, फळीखाली बसवायची आणि उतारावरून सुटायचं. आमच्या गाडीला निवडच नव्हती, चाक पोलादाचं. तिचा खडखडाट गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. खडा आडवा आला की गाडी जागच्या जागी, आणि आम्ही पुढे डांबरावर.

स्केटबोर्डचा जन्मही असाच. अमेरिकेतल्या पोरांनी रोलर स्केटची पोलादी चाकं फळीला लावली. १९६० च्या दशकात 'क्ले' नावाची कडक मिश्रणाची चाकं आली. ती थोडी सुसह्य होती, पण पकड कमी, झीज फार, आणि बारीकशा खड्यानेही अडायची. हातपाय मोडू लागले, काही शहरांनी बंदी घातली आणि दशक संपेपर्यंत खेळ जवळजवळ विझला.

त्याला पुन्हा उभं करणारा पदार्थ मूळचा आमच्या शेजारचा. आखनहून तासाभराच्या अंतरावर लेव्हरकुसेन आहे. तिथे १९३७ साली ओटो बायर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह पॉलियुरेथेनचं रसायन शोधलं. पुढे त्याचा वापर फोमपासून कारखान्यातल्या चाकांपर्यंत पसरला. १९७० च्या सुमारास फ्रँक नॅसवर्दी या तरुणाला व्हर्जिनियातल्या एका कारखान्यात रोलर स्केटसाठी ओतलेली पॉलियुरेथेनची चाकं दिसली. ती त्याने आपल्या फळीला लावून पाहिली. 'कॅडिलॅक' नावाने ती कॅलिफोर्नियात विकायला निघाली आणि खेळाचं रूप पालटलं. खडा आला तर हे चाक किंचित दबायचं आणि त्यावरून जायचं. मऊपणाने खेळ वाचवला, हे मी लेकीला आवर्जून सांगतो.

तरीही कडक चाक परत आलं. पोरं जिने, कठडे आणि गुळगुळीत काँक्रीटवर उड्या मारू लागली. तिथे चाक चिकटून चालत नाही, ते घसरायला हवं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चाकं चाळीस मिलिमीटरच्या आसपास इवलीशी आणि टणक झाली.

हा टणकपणा शोअर मापकाने मोजतात. पृष्ठभागावर सुई दाबायची, ती किती रुतते ते पाहायचं. ७८ए म्हणजे मऊ, ९९ए म्हणजे कडक. मला या पदार्थाचं एक वैशिष्ट्य फार भावतं. पॉलियुरेथेनच्या एकाच साखळीत ताठ तुकडेही असतात आणि लवचीक तुकडेही. त्यांचं प्रमाण बदललं की चाकाचा स्वभाव बदलतो. कडक आणि मऊ ही दोन घराणी नाहीत, एकाच घरातली भावंडं आहेत.

कडक की मऊ, हा प्रश्न आखनला नवा नाही. इथल्या प्रिंटेन या मसालेदार बिस्किटाचेही कडक आणि मऊ असे दोन प्रकार मिळतात. कोणतं श्रेष्ठ, यावर कोणी भांडत नाही. चहात बुडवायचं असेल तर एक, आजीच्या दातांसाठी दुसरं.

दुकानातून निघून आम्ही काट्शहोफ या चौकात गेलो. एका बाजूला शार्लमेनचं कॅथेड्रल, दुसऱ्या बाजूला नगरभवन आणि मधे फरसबंदी. तिथे तिने आपली जुनी ९९ए ची चाकं चालवली. दगडागणिक फळी थरथरली आणि तो आवाज ऐकून मी क्षणभर इचलकरंजीत पोचलो. मग तिने स्वतःच ठरवलं. शाळेत जायला साठ मिलिमीटरची ७८ए, आणि पार्कसाठी जुनी ९९ए. आता दर शनिवारी ती चाकं बदलते. पाना माझ्या हातात असतो, पण आज कुठल्या रस्त्याला जायचं हे ती ठरवते.