खेळण्यातला रणगाडा आणि खरा रणगाडा

रिमोटचा रणगाडा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जत्रेतलं प्लॅस्टिकचं खेळणं येतं. पण ब्रिटन-युरोपातली काही हौशी मंडळी 1/6 मापाचा, धातूचा, रेडिओवर चालणारा रणगाडा घरच्या वर्कशॉपमध्ये उभा करतात. त्यामागचं गणित आणि इतिहास दोन्ही सांगण्यासारखे आहेत.

जर्मन टायगर तोफेसकट साधारण साडेआठ मीटर लांब. सहाने भागा, 1.4 मीटर झाला. वजन मात्र तिन्ही बाजूंनी घटतं, म्हणजे 216 पट. तरी 57 टनांचे अडीचशे किलो उरतातच! म्हणून चिलखत खऱ्या प्रमाणात जाड ठेवत नाहीत, पातळ पत्रा आणि ॲल्युमिनियम वापरतात.

खरी कसोटी पट्ट्याची. एकेक कडी पिनेने जोडायची. पिना झिजल्या की पट्टा सैल होतो, चाकावरून उतरतो. मग टोकाचं चाक सरकवून ताण द्यायचा. दोन्ही बाजूंना वेगळी मोटर. डावी मंदावली की गाडी डावीकडे वळते. खऱ्या रणगाड्याचं तत्त्वही हेच.

आता इतिहास बघा. 1898 मध्ये निकोला टेस्लाने न्यूयॉर्कमध्ये रेडिओवर चालणारी छोटी बोट लोकांना दाखवली. चाळीसेक वर्षांत तेच तंत्र रणांगणावर आलं. 1939-40 च्या फिनलंडच्या युद्धात सोव्हिएत सैन्याने बिनमाणसांचे टी-26 रणगाडे पुढे धाडले. चालवणारे मागच्या रणगाड्यात, दीडेक किलोमीटरच्या आत.

जर्मनांचा 'गोलियाथ' तर जेमतेम दीड मीटरचा, म्हणजे आजच्या हौशी मॉडेलएवढाच! पोटात 60 किलो स्फोटकं, शेपटीला वायर. शत्रूजवळ न्यायचा आणि उडवून द्यायचा. 1944 च्या वॉर्सा उठावात तो पोलिश लोकांवर सोडला गेला. तिथल्या लढवय्यांनी त्याचं मर्म ओळखलं: वायर तोडा, राक्षस जागेवर थांबतो.

खेळणं आणि शस्त्र यांत अंतर किती कमी असतं, हे यावरून कळतं. लोखंड तेच, मोटर तीच. फरक फक्त रिमोट कुणाच्या हातात आणि कशासाठी, एवढाच. युक्रेनच्या युद्धात आज हेच चाललंय.

हे आत्ता लिहायचं कारण आपल्या जवळचं आहे. नगरला 1994 पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे. लष्करी वाहनांवर संशोधन करणारी डीआरडीओची प्रयोगशाळाही नगरलाच. आपली पोरं तिथं जातात, रणगाड्याशेजारी सेल्फी काढतात आणि घरी येतात. पट्टा कसा फिरतो, हे विचारणारा विरळाच.

आयटीआयमध्ये फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रॉनिक्सवाले शेजारी शेजारी शिकतात, पण एकत्र एकही वस्तू बनवत नाहीत. अशा मॉडेलला हे चौघंही लागतात. आवडीला बनलेला आपला 'विजयंता' साधारण 39 टनांचा; 1/6 मापात जास्तीत जास्त 180 किलो. जिल्हा नियोजन समितीने एका आयटीआयला एवढं काम द्यावं. युद्धाची हौस म्हणून नव्हे. हाताला काम आणि डोक्याला प्रश्न मिळावेत म्हणून.

चौकात लोखंडी पुतळे उभारायला पैसे निघतात. मग चालणारं लोखंड बनवायला का नाही निघणार? तुम्हाला काय वाटतं, जरूर लिहा.